ओल्हाची लेक

"बाबा, मान हलवू नका हो. तारा निसटतील."

सत्तरी ओलांडलेली उलायुक आजी, माझी सासू, हे माझ्या चार वर्षांच्या कुपाकला सांगत होती. तो दवाखान्यातल्या खाटेवर बसला होता. डोक्याला चिकटवलेल्या तारांचा गुंता मागच्या यंत्रात गेला होता.

"मला खाज येतेय."

"येऊ दे. अस्वलासमोर बसला होतात तेव्हा नाही आली ती खाज?"

"अस्वल कुठंय?"

"आत्ता नाही हो. मागल्या वेळी. मोठे होतात तेव्हा."

कुपाकने यावर थोडा विचार केला आणि मान स्थिर ठेवली. डॉक्टर लेसिया बोडनार पडद्यावरच्या रेघांवरून नजर न काढता म्हणाली, "उलायुक, तुझ्या बाबांना सांग, आता डोळे मिटायचेत."

नुवुआलुकमध्ये, आमच्या या उत्तर टोकाच्या गावात, नवा आलेला डॉक्टर हे ऐकून आधी गोंधळतो. मग कुणीतरी त्याला समजावतं की कुपाक हे आजीच्या वडलांचं नाव. ते गेले आणि बऱ्याच वर्षांनी हा आला, त्यांचं नाव घेऊन. म्हणून हा तिचा बाप. हिवाळ्यात घरातले पहिले हातमोजे त्याला शिवले जातात. मी वैतागून त्याला कधी 'गाढवा' म्हटलं तर आजी अशी बघते, जणू मी तिच्या बापालाच गाढव म्हटलं. आणि म्हटलेलंच असतं. लेसियाला हे कुणी समजावून द्यावं लागलं नव्हतं. पाच वर्षं ती इथे होती. लहान मुलांच्या मेंदूची डॉक्टर, आणि आमच्या या बर्फाळ किनाऱ्यावर घर करून राहिलेली एकटीच. बाकीचे तसले डॉक्टर विमानाने यायचे, दोन दिवस बघायचे आणि विमानाने जायचे.

मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या कोटाच्या मोठ्या टोपरात, पाठीशी, माझी मुलगी झोपली होती. तिला अजून नाव नव्हतं. नर्स रोज विचारायच्या. आजी म्हणायची, "येईल तेव्हा येईल."

लेसियाने यंत्र बंद केलं. कुपाकच्या केसांत अडकलेला डिंक ती ओल्या फडक्याने पुसू लागली. पुसता पुसता, जणू हवामानाबद्दल बोलावं तशी म्हणाली, "सिआसी, सप्टेंबरच्या तपासणीला बहुतेक मी नसेन."

मी "हं" म्हटलं. एवढंच. पाठीवरचं बाळ एकाएकी जड झालं.

घरी जाताना कुपाक पुढे उड्या मारत चालला होता आणि मी नेहमीसारखी त्याच्या पावलांकडे बघत होते. पाऊल अडखळलं की माझा श्वास अडखळतो. दोन वर्षं झाली, मी त्याच्याकडे सरळ असं बघितलेलंच नाही. मी त्याच्यावर नजर ठेवते. बघणं आणि नजर ठेवणं यांत फरक आहे, हे मला आई झाल्यावर कळलं.

सुरुवात अगदी साधी होती. तो जेवताना थांबायचा. चमचा हवेत, डोळे कुठेतरी लांब. मग पुन्हा जेवायला लागायचा. आजी म्हणायची, बाबा कॅरिबू हरणं शोधतायत, बोलू नका. मी शिकलेली, दक्षिणेतल्या कॉलेजात जाऊन शिक्षिका होऊन आलेली. मीही हसायचे. मग एके दिवशी तो पडला आणि त्याचं अंग ताठ होऊन हिसके देऊ लागलं. अशी मोठी फिट आली की नियमाने दक्षिणेलाच पाठवत; त्याला घेऊन आम्ही तिथल्या मोठ्या इस्पितळात गेलो. नंतर पुन्हा गेलो. दर वेळी नवा डॉक्टर असायचा, आणि प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करायचा. प्रत्येकाचा पहिला प्रश्न मला: पोटात होता तेव्हा दारू प्यायचीस का? एकाने आधीच्याचं औषध बंद केलं, दुसऱ्याने ते पुन्हा सुरू केलं. एक जण म्हणाला, मुलगा हट्टी आहे, लक्ष वेधून घेतो. त्या आठवड्यात त्याला दिवसातून कितीदा तरी टक लागत होती.

मग लेसियाने त्याला आपल्याकडे घेतलं. तिने मला दारूबद्दल विचारलं नाही. ती आजीकडे वळली.

"उलायुक, तुझे बाबा असे मध्येच थांबायचे का गं?"

"थांबायचे म्हणजे! एकदा सीलवर भाला उगारला आणि तसेच उभे. सील त्यांच्याकडे बघून कंटाळलं आणि गेलं निघून. त्या दिवशी आम्ही उपाशी झोपलो."

लेसिया खळखळून हसली, आणि लगेच गंभीर होऊन आणखी विचारत सुटली. कुठल्या वयात, पडायचे का, त्यांची बहीण, तिची मुलं. घराण्यातच होतं ते. औषध बदललं. हळूहळू कुपाकचा चमचा न थांबता तोंडापर्यंत जाऊ लागला.

आणि आता ती जाणार होती.

त्याच महिन्यात दक्षिणेतून आरोग्य खात्याचा एक माणूस आला. डॉक्टर इथे का टिकत नाहीत, हे त्याला गावाकडून ऐकायचं होतं. शाळेच्या सभागृहात लोक जमले. त्याचा कोट इतका नवा होता की घडीच्या रेघा दिसत होत्या.

"तज्ज्ञ डॉक्टर इथे राहावेत म्हणून काय करता येईल, असं तुम्हाला वाटतं?" त्याने विचारलं.

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग मागच्या बाकावरचा एक म्हातारा शिकारी म्हणाला, "लग्न लावून द्या."

सगळे हसले. त्या माणसाला हसावं की नाही ते कळेना.

"नवरा तू होणार का?" रोडाने विचारलं. रोडा म्हणजे दवाखान्यातली दुभाषी. तिला न विचारता गावात काही घडत नाही, असं तिचं मत.

"माझे दात बघून ती पळेल. मग तुम्ही म्हणाल, माझ्यामुळे गेली."

"आधी तिच्या न्हाणीघराची खिडकी बसवून द्या," रोडा त्या माणसाला म्हणाली. "आतून बर्फ साठतो. तीन हिवाळे सांगतेय मी. बाई टोपी घालून आंघोळ करते."

तो माणूस म्हणाला, हे महत्त्वाचं आहे. मग त्याने सभागृहभर नजर फिरवली. "डॉक्टर बोडनार इथेच बसल्यात. त्यांना कुणाला काही सांगायचंय?"

लेसिया शेवटच्या रांगेत, दाराजवळ होती. तिच्या मांडीवर कुणाचं तरी पोर येऊन बसलं होतं. त्या खोलीत अशी किती घरं होती, ज्यांच्या मुलांची नावं तिला आकडीच्या तारखांसकट पाठ होती. एकानेही तोंड उघडलं नाही.

आमच्यात कुणाला 'राहा' म्हणत नाहीत. मोठ्या माणसाला स्वतःचं मन असतं. त्याला ओढायचं म्हणजे त्याला मन नाही असं म्हणायचं. मला हे लहानपणापासून ठाऊक आहे, आणि ते बरोबर आहे असंही मला वाटतं. पण त्या दिवशी तो एक शब्द मला म्हणायचा होता, आणि मी म्हटला नाही. माझं कॉलेज त्या वेळी कुठे गेलं होतं कुणास ठाऊक.

सभा संपल्यावर ती बाहेर माझ्यासाठी थांबली. वारा होता. आम्ही इमारतीच्या आडोशाला उभ्या राहिलो.

"मला माहितीय, तुमच्यात म्हणत नाहीत," ती म्हणाली. "पण माणसाला ऐकावंसं वाटतंच ना गं."

मी तिच्या बुटांकडे बघत राहिले.

"खिडकीचं काही नाही, सिआसी. थंडीचंही नाही. मी इथे पाच वर्षांत बघितली तेवढी मुलं दक्षिणेतल्या इस्पितळात एका हिवाळ्यात येतात. हात गंजतो माझा. परवा एका बाळाचा आलेख बघताना मला शंका आली, आणि विचारायला शेजारच्या खोलीत कुणीच नव्हतं. शेजारची खोली म्हणजे विमानाचा प्रवास. एक दिवस माझी चूक होईल आणि ती चूक आहे हे मलासुद्धा कळणार नाही. ती चूक कुपाकच्या बाबतीत झाली तर?"

"तुझी नाही होणार चूक."

"तू असं म्हणतेस म्हणूनच भीती वाटते." तिने नाक पुसलं. "तिथे बसून मी या सगळ्या मुलांचं बघणारच आहे. पडद्यावर बोलेन. वर्षातून दोनतीनदा येईन. पण हे बघ. त्याला नवीन औषध लावलंय. मी जायच्या आत त्याला काही झालं, अगदी नुसती टक लागली, तरी मी जाणार नाही. अर्धवट टाकून नाही जाणार. आणखी एक वर्ष राहीन. पण तो ठीक राहिला, तर मला मोकळं कर."

हे तिने मला सांगायला नको होतं.

त्या दिवसापासून माझं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. सकाळी कुपाक उठायचा, त्याचे डोळे स्वच्छ असायचे आणि माझं मन हलकं व्हायचं. त्याच क्षणी आत काहीतरी खट्टूही व्हायचं. जेवताना त्याने चमचा उचलला की मी श्वास रोखायचे. थांबू नको, थांबू नको. आणि त्याच्याच पाठोपाठ, एकदा थांब. एकदाच. लहानसं. मी माझ्याच मुलाला फिट यावी म्हणून वाट बघत होते का? असली आई असते का? नवऱ्याला, अदामीला, मी हे सांगितलं नाही. तो विमानतळावर इंधन भरायचं काम करतो. त्याला जाणारी माणसं रोजचीच.

जूनच्या सुरुवातीच्या एका रविवारी आजीने लेसियाला जेवायला बोलावलं. जमिनीवर पुठ्ठा पसरला होता. त्यावर गोठवलेलं कॅरिबूचं मांस, शेजारी माशाचं गरम कालवण, आणि अदामीने भाजलेली जाड बॅनक रोटी. रोटी एका बाजूने काळी झाली होती.

"ही कुणी केली?" लेसियाने विचारलं.

"काळी बाजू मी," अदामी म्हणाला. "पांढरी चुलीने."

आजीने उलू सुरीने मांसाचा पातळ काप काढून लेसियाला दिला. ती खाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "हात पूस. नीट पूस. आता हिला घे."

तिने माझ्या कुशीतून बाळ उचललं आणि लेसियाच्या हातात ठेवलं.

"नाव ठरलं वाटतं?" लेसिया म्हणाली.

"ठरवायचं काय त्यात? आली ती. तुझी आई आहे. ओल्हा."

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी आजीकडे बघितलं, ती मांस कापण्यात गढलेली. अदामीकडे बघितलं, तो काळ्या रोटीकडे बघत होता.

लेसियाची आई गेल्या हिवाळ्यात वारली, दक्षिणेच्या गव्हाच्या सपाट मुलखात. ती गेली त्या आठवड्यात आमच्याकडे वादळ होतं. लेसिया बॅग घेऊन विमानतळावर बसून राहिली, रोज. वादळ थांबलं तोवर तिकडे मातीही देऊन झाली होती. ती तशीच बॅग घेऊन परत दवाखान्यात आली आणि कामाला लागली. आम्ही सगळ्यांनी तिच्या दाराशी मासे नेऊन ठेवले.

आता ती बाळाकडे बघत होती. तिचा चेहरा मला वाचता येईना. आधी ती हसली. खरंच हसली, मोठ्याने. मग म्हणाली, "उलायुक, तुला कुणी सांगितलं की मला ती परत हवीय?"

आजीची सुरी थांबली.

"मी इथे का आले माहितीय? लोक विचारतात, एवढी शिकलेली बाई, या टोकाला कशाला आली? नकाशावर तिच्यापासून सगळ्यात लांब, जिथे रस्ता जात नाही, ते ठिकाण शोधलं मी. फोन केला की ती म्हणायची, परक्यांच्या पोरांसाठी तिथे राहतेस, आईसाठी इथे राहवत नव्हतं? पन्नाशी ओलांडली तरी मला वाटायचं, मी फोन खाली ठेवला की ती माझे मार्क तपासणार. आणि तुम्ही तिला इथे आणलंत? माझ्या मांडीवर?"

"मग बरंच झालं की," आजी म्हणाली.

"काय बरं झालं?"

"आता ती लहान आहे. तू मोठी. आता तू रागव."

लेसियाने बाळ माझ्याकडे दिलं. हळू, मानेला आधार देऊन, डॉक्टर देतात तसं. कोट घातला आणि चहा तसाच टाकून ती गेली. बर्फगाडीचा आवाज लांब गेला.

"नाव आवडलं नाही वाटतं," अदामी म्हणाला.

"तू गप्प बस," मी म्हणाले. मग आजीला विचारलं, आवाज चढू न देता, "आजी, तिला अडकवायला केलंस हे?"

"नाव म्हणजे काय गळ आहे?"

"मग?"

"म्हातारी स्वप्नात आली. दारात उभी. डोक्याला फुलांचा रुमाल. पाणी मागितलं. मी दिलं. मेलेलं माणूस पाणी मागतं तेव्हा त्याला परत यायचं असतं, हे तुला कॉलेजात नाही शिकवलं? पाणी प्यायली आणि मला म्हणाली, माझी लेसिया कुठल्या घरात राहते?"

माझ्या अंगावर काटा आला. आणि मग आठवलं, फुलांचा रुमाल बांधलेल्या आईचा फोटो लेसियाने एकदा फोनवर दाखवला होता. तेव्हा आजी शेजारीच बसली होती.

रात्री मी हे अदामीला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "माझी आई खोटं बोलत नाही. पण स्वप्नात काय बघायचं, ते ती ठरवू शकते."

मला आजवर कळलेलं नाही. तो सापळा होता की दान? आणि सापळा असेल तर त्यात टोचलेला मासा म्हणजे माझी मुलगी. दूध पाजताना मी तिचा चेहरा न्याहाळायचे. एखाद्या कडक, न हसणाऱ्या बाईची खूण दिसते का. ती कपाळाला आठ्या घालायची. सगळीच बाळं घालतात. तरी मी दचकायचे. मी जन्म दिला ती कोण, माझी लेक की एका परक्या बाईची आई? कुपाकच्या वेळी हा प्रश्न पडला नव्हता, कारण तो आमच्यातलाच कुणीतरी होऊन आला होता.

गावाने नाव लगेच उचललं. दुकानात पीठ घेताना लोक माझ्या टोपरात डोकावून विचारायचे, "ओल्हा, बरी आहेस का? प्रवासाने दमलीस?" आणि मग मला, "लेक भेटायला येते का हिची?"

लेक येत नव्हती.

"आईवर रुसून बसलीय," रोडा म्हणाली. मग पिठाची पिशवी माझ्या घसरगाडीवर ठेवता ठेवता, जरा खालच्या आवाजात, "काही जण म्हणतात, सिआसीने पोराच्या औषधासाठी पोरगी दिली."

"तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, दिली असली तर निदान डॉक्टर राहायला हवी."

मी घरी येऊन खूप रडले. खोटं असतं तर एवढी रडले नसते. खरं होतं असंही नाही. मला नाव माहीतच नव्हतं. पण नाव ऐकल्यावर, लेसिया हसली त्या एका क्षणात, माझ्या मनात जे उसळलं ती आशाच होती. राहील आता. आईला सोडून कशी जाईल? ती आशा आजीची नव्हती, माझी होती.

कुपाक ठीक होता. रोज ठीक होता. बर्फ वितळून रस्त्यात चिखल झाला. लेसियाच्या घरातली खोकी विमानतळावर जाऊ लागली. खिडकी बसवायला माणूस आला, तो त्याच आठवड्यात. गाव त्यावर पोट धरून हसलं.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, ती आली. मला वाटलं, दारातूनच निरोप घेईल. ती आत आली, बूट काढले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि तिने हात पुढे केले. मी बाळ दिलं.

कुपाक जमिनीवर सीलच्या पंजाची हाडं मांडून खेळत होता. हे घर, हे कुत्रे, ही आजी. आजी त्याच्याजवळ बसून कातडं शिवत होती. मी चहा ठेवला.

"तर," लेसिया बाळाला म्हणाली, "उद्या जातेय मी. तुझ्याच मुलखात. तू तिथे होतीस तेव्हा नाही गेले. आता तू इथे आलीस, तर मी तिकडे चालले. बघ, कसं जमतं आपलं."

आजीने मान न उचलता हुंकार दिला.

मग लेसिया तिच्या आईच्या भाषेत बोलू लागली. युक्रेनी असावी. आम्हाला एक शब्द कळत नव्हता, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. सुरुवातीला ती शांत होती, मुद्दे मांडावेत तशी. मग आवाज वाढला. एक बोट वर करून ती काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा, तेच. बाळ घाबरलं. ओठ वाकडे करून ते रडायला लागलं. माझी छाती भरून आली, दूध उतरलं. मी पुढे झाले.

"बस खाली," आजी हळूच म्हणाली. "मायलेकींचं चाललंय."

"माझं बाळ आहे ते."

"आहेच. बस."

मी बसले. माझे हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. लेसियाची पाठ आमच्याकडे होती. तिचे खांदे हलत होते. बाळ रडत होतं, ती रडत होती, आणि ती बोलायची थांबत नव्हती. माझी सगळी नजर तिकडे होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती कुपाकवर नव्हती.

हाडांचा आवाज थांबला होता.

मी वळले. कुपाकचा हात हवेत होता, हातात एक हाड. डोळे उघडे, माझ्याकडे रोखलेले, आणि त्यांत मी नव्हते. ओठ चाटल्यासारखे हलत होते. मग तो हळूच एका बाजूला कलला. मी पोहोचले. त्याचं डोकं माझ्या हातावर आलं. त्याला कुशीवर वळवलं, तोंड खाली झुकवलं, गळ्याचं बटण काढलं. लेसियानेच शिकवलेलं सगळं. मनात आकडे मोजायला लागले. त्याचा एक पाय बारीक थरथरत होता.

ती चार पावलांवर होती. मला फक्त तिचं नाव घ्यायचं होतं. ती वळली असती, एका नजरेत तिला सगळं कळलं असतं, आणि उद्याचं विमान तिच्याशिवाय गेलं असतं. ज्याची मी वाट बघत होते ते माझ्या मांडीवर होतं.

मी मोजत राहिले.

का, ते मला विचारू नका. तिचा आवाज तेवढ्यात बदलला होता, म्हणून असेल. ओरडणं संपलं होतं. ती आता खालच्या आवाजात, मोडत मोडत काहीतरी सांगत होती, लहान मुलगी शाळेतून आल्यावर सांगते तसं. त्यात मला शिरता येईना. की मला तिची ती गंजलेल्या हाताची गोष्ट खरी वाटली होती? तिथे तिच्या शेजारच्या खोलीत कुणीतरी असेल. माझ्या मुलासाठी कुठलं बरं, हे मला त्या क्षणी कळत नव्हतं. अजूनही कळत नाही. आकडे फार पुढे गेले असते तर मी हाक मारली असती. एवढं मला नक्की माहीत आहे.

गेले नाहीत. पाय थांबला. डोळ्यांत तो परत आला, मला बघितलं, काहीतरी पुटपुटला आणि झोपेत उतरला. फिटनंतर उतरतो तसा. आजीने शिवत असलेलं कातडं बाजूला ठेवलं, स्वतःची शाल काढून आपल्या बाबांच्या अंगावर घातली, आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुन्हा सुई उचलली. आमच्यात कुणी कुणाला काय करावं ते सांगत नाही.

उद्या विमान उडालं की सरळ दवाखान्यात जाऊन रोडाला सांगायचं, हे मी तिथेच ठरवलं. संध्याकाळपर्यंत ते तिला तिकडे कळेल. तेव्हा ती काय म्हणायचं ते म्हणो.

खिडकीपाशी आता शांत होतं. बाळाने लेसियाचं बोट तोंडात धरलं होतं. ती वळली. चेहरा लाल, सुजलेला.

"किती वर्षांचं साठलं होतं," ती म्हणाली. मग तिची नजर खाली गेली. "कुपाक झोपला?"

"हो," मी म्हणाले.

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या उघड्या बटणाकडे. माझ्या हाताकडे, तो अजून त्याच्या डोक्याखाली होता. मला वाटलं, आता विचारेल.

"सिआसी," ती म्हणाली, "तुझा कोट देतेस जरा? आईला थोडं फिरवून आणते."

मी कुपाकचं डोकं उशीवर टेकवून उठले. माझा कोट तिच्या अंगात कसाबसा गेला. ओल्हाला मी तिच्या पाठीवर, टोपरात सरकवलं आणि कमरेचा पट्टा आवळून बांधला. लेसियाला तोल सांभाळता येईना. नवख्या आया चालतात तशी पुढे वाकून, दार धरून, ती पायऱ्या उतरली.

मी परत जाऊन कुपाकजवळ बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. श्वास सरळ चालला होता. खिडकीतून दिसत होतं. चिखलाच्या रस्त्यावरून, समुद्राच्या बाजूला, पाठीवर आपल्या आईला घेऊन एक थोराड बाई सावकाश चालली होती. मध्येच थांबून ती एका हाताने मागे चाचपत होती, आई नीट बसली आहे ना.